ओव्हरड्राइव्हची कॉइल

शिवकुमारचे हात थरथरायला लागून बरेच दिवस झाले होते. मंगळवार पेठेतल्या गॅरेजात तो आता डायनॅमो उघडत नसे. बल्ब, फ्यूज बदलून द्यायचा. गिऱ्हाइकांना वाटायचं, म्हातारा आळसावला. खरं काय ते फक्त त्याच्या बायकोला, हिराबाईला ठाऊक होतं.

१९९८ च्या उन्हाळ्यात उचगावचे सयाजीराव जुनी विलायती गाडी घेऊन आले. गाडी थोरल्या भावाची; त्याच्या माघारी ती त्यांनी जिवापाड जपली होती.

"शिवाण्णा, ओव्हरड्राइव्ह लागंना झालाय. हायवेला इंजिन नुसतं बोंबलतंय."

ओव्हरड्राइव्ह म्हणजे टॉप गियरच्याही वरची चाल. स्टिअरिंगजवळचा खटका ओढला की गियरबॉक्सजवळची कॉइल एक दांडा ओढते आणि इंजिन हलकं पळू लागतं. पेठेत हे काम शिवकुमारशिवाय कुणाला येत नव्हतं. नाही म्हणणं त्याच्या जिवावर आलं.

त्यानं करंट तपासायचा टेस्टलॅम्प काढला. फ्यूज ठीक होता. खटक्यातून करंट येत होता. करंट पुढं सोडणारा रिलेही टक् टक् वाजत होता. मग तो गाडीखाली सरकला. गियरबॉक्सवरच्या स्विचच्या पुढं मात्र दिवा लागेना. तिथली वायर वरून धडधाकट दिसत होती, पण आत तुटली होती. गॅरेजात मदतीला असलेल्या हिराबाईनं नवी वायर सोलून दिली, त्यानं ती जोडली. खटका ओढताच खालून खट् आवाज आला.

"आलं की!" सयाजीराव ओरडले.

राहिलं होतं दांड्याचं सेटिंग. दांडा पुरता ओढला गेला तरच कॉइलमधला मोठा करंट तुटतो. केसभर कमी पडला तर तो चालूच राहतो आणि कॉइल जळते. शिवकुमारनं पाना धरला. हात ऐकेना. डाव्या हातानं उजवं मनगट दाबून धरत त्यानं नट कसाबसा आवळला.

हिराबाई वाकून हळूच म्हणाली, "त्यास्नी सांगू काय? दुसऱ्या कुणाकडनं तरी..."

"गप बस. झालंय."

दोघं चाचणीला निघाले. हातकणंगल्याच्या रस्त्याला गाडी झकास पळाली. "दादा अशीच पळवायचा," सयाजीराव म्हणाले. बऱ्याच दिवसांनी शिवकुमार हसला. तेवढ्यात जळका वास आला.

"खटका बंद करा! बंद करा!"

उशीर झाला होता. गाडीखाली कॉइल काळीठिक्कर पडली होती. तसली दुसरी मिळायची नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

शिवकुमारनं दोन्ही हात पुढं केले. "ह्येनी घात केला. नट नीट बसला न्हाय."

सयाजीराव त्या हातांकडं बघत राहिले. "आधी सांगायचं की, अण्णा," एवढंच म्हणाले.

गाडी ओव्हरड्राइव्हशिवाय चालत राहिली. दिवाळीला सयाजीरावांकडून फराळ आला. ते स्वतः आले नाहीत. गॅरेजला तोवर कुलूप लागलं होतं. सकाळी हिराबाई नवऱ्याला चहा अर्धाच कप भरून द्यायची, सांडू नये म्हणून. तो तेवढाच प्यायचा आणि उरलेला अर्धा मागायचा नाही.