दहा रुपयांची सवत

लोहाऱ्यात बस स्थानकामागं शिवभोजनाचं केंद्र निघालं, तेव्हा मथुराबाईला त्याचं काहीच वाटलं नव्हतं. दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात. ज्यांच्या घरी चूल पेटवायला कुणी नाही त्यांची सोय झाली, एवढंच ती म्हणाली होती. आपल्या घरी चूल पेटवायला आपण आहोत आणि आपल्या हातच्या भाकरीवाचून मालकाचा, ज्ञानोबांचा, घास उतरत नाही, याची तिला लग्न झाल्यापासून खात्री होती. मग ती आठवडाभर येडशीला लेकीकडं राहून आली आणि तेवढ्यात घात झाला.

परत आल्या दिवशी तिनं मोठ्या हौसेनं भरली वांगी केली, भाकरी थापल्या, पाट मांडला. ज्ञानोबांनी टोपी डोक्यावर ठेवली, चपला पायात सरकवल्या आणि आपण जरा केंद्रावर जेवून येतो, असं ते सांगून निघालेसुद्धा. जसं काही वांगी शेजाऱ्यांसाठी शिजवली होती.

जेवून आले ते मिशीवर ताव देत. तिथं नागम्मा म्हणून एक बाई स्वयंपाकाला आहे, सरकारनं सांगितलंय वरण, पण ती त्याची अशी झणझणीत आमटी करते की बोटं चाटत राहावं. वाढतेही कशी, तर ताटावर येऊन, विचारून. पुन्हा चार माणसांची संगत. मथुराबाई ऐकत होती आणि तिच्या अंगाचा तिळपापड होत होता. या माणसानं तिच्या आमटीला आजवर एकच शब्द बहाल केला होता आणि तो होता ‘मीठ’.

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते खोटं नाही. पण मथुराबाई हार मानणाऱ्यातली नव्हती. दुसऱ्या दिवशी तिनं धान्य-मसाले भाजून ताजं येसर केलं आणि येसराची आमटी रटरटवली, वास पार गल्लीच्या तोंडापर्यंत गेला. ज्ञानोबांनी वास घेतला, छान म्हणाले आणि केंद्रावर गेले. तिसऱ्या दिवशी धपाटे झाले, चौथ्या दिवशी पुरणाचा घाट घातला, सण नाही वार नाही. पुरणपोळी मात्र त्यांनी खाल्ली. केंद्रावरून आल्यावर, अर्धी, आणि उरलेली सकाळी गाईला घातली.

खरी गंमत तर पुढंच आहे. नवरा जेवल्याशिवाय बाईनं ताटावर बसायचं नाही, ही तिच्या सासूनं लावलेली शिस्त. सासू जाऊन किती वर्षं झाली, शिस्त काही गेली नव्हती. त्यामुळं ज्ञानोबा तिकडं नागम्माच्या आमटीवर हात मारत असत, तेव्हा मथुराबाई इकडं उपाशी पोटी दाराकडं डोळे लावून बसलेली असे. ते ढेकर देत उंबऱ्यात आले की मग ती गार भाकरी मोडायची.

आणि पैसा कुणाचा, तर तिचाच. त्यांचं केशरी कार्ड. रेशनच्या धान्याऐवजी सरकार आता पैसे टाकतं आणि ते घरातल्या बाईच्या खात्यावर येतात. मथुराबाई अंगठा देऊन ते काढायची नि त्याची ज्वारी घ्यायची. आता ज्ञानोबा त्यातूनच थाळीसाठी हात पुढं करत आणि ती मुकाट्यानं देई. नवऱ्यानं मागितल्यावर नाही म्हणायची सवय तिला नव्हती. आपल्याच पदराच्या पैशानं सवत पोसायची म्हणजे काय असतं, ते तिला रोज कळत होतं.

एक दिवस ज्ञानोबा सहज बोलून गेले की नागम्मा रोज त्यांचा फोटो काढते. मथुराबाईचा हात परातीतच थांबला.

“रोज?”

“रोज. ताट देताना काढती. तिच्या मोबाईलमधी लई फोटो असतील माझे.”

मथुराबाईकडं नवऱ्यासोबतचा आपला म्हणून एकच फोटो होता, थोरल्याच्या लग्नातला, त्यातही ज्ञानोबा तिसरीकडंच बघत होते. आणि ही कोण कुठली बाई रोज त्यांचा फोटो काढून जवळ बाळगते. तळपायाची आग मस्तकात गेली. त्यात गिरणीवर शेजारच्या चन्नम्मानं काडी टाकली की, काकू, तुमचे मालक तिकडं आता जावयासारखे मिरवतात, आमटी वाटीच्या काठावर येईस्तोवर वाढून घेतात. बायका हसल्या. मथुराबाईही हसली आणि दळण न घेताच घरी आली.

बाजाराच्या दिवशी ज्ञानोबा सकाळीच न्हाव्याकडं गेले. पूर्वी पंधरवड्यातून एकदा दाढी करणारा माणूस आता आठवड्यातून दोनदा करू लागला होता. ती दाढी कुणासाठी, हे मथुराबाईला कुणी सांगायला नको होतं. तिनं चूल पेटवलीच नाही. ठेवणीतलं इरकल नेसली, दार ओढून घेतलं आणि तरातरा निघाली. जाऊन त्या बाईला चारचौघांत विचारायचं की तुला तुझा नवरा न्हाय का, आणि तो मोबाईल हिसकावून घ्यायचा, इतकं तिनं ठरवलं होतं. पुढचं ठरवलं नव्हतं.

केंद्रात बाजारकरूंची रांग लागली होती. नागम्माला गाठायचं तर रांगेतूनच जावं लागणार होतं, म्हणून ती रांगेत उभी राहिली. पुढं काय होतंय ते तिला दिसत होतं. नागम्मा तिच्याच वयाची बाई निघाली, डोक्याला फडकं बांधलेली, घामानं निथळणारी. तिनं एका म्हाताऱ्याचा फोटो काढला. मग एका हमालाचा. मग दोन पोरींचा. मग एका दारुड्याचा, जो फोटोपुरताही सरळ उभा राहत नव्हता.

“ह्ये फोटो कशाला वो?” मथुराबाईनं मागच्या बाईला हळूच विचारलं.

“सरकारला दाखवाया. फोटो न्हाय तर थाळी न्हाय.”

मथुराबाईला हसू आलं नाही. उलट राग धरायला जागा उरली नाही म्हणून ती आणखी चिडली. तेवढ्यात तिचा नंबर आला. नागम्मानं इकडं बघा, अक्का, म्हणत तिचाही फोटो काढला, दहा रुपये घेतले, ताट हातात दिलं आणि मागच्या लोकांना सांगितलं की आजच्या थाळ्या संपल्या, ही शेवटची होती. मागची रांग कुरकुरत पांगली. भांडायला आलेली मथुराबाई ताट घेऊन सतरंजीवर बसली. हातातलं अन्न टाकून भांडणं तिच्या रक्तात नव्हतं.

तिनं चपातीचा तुकडा मोडला आणि बोट चटकलं. चपाती गरम होती. भातातून वाफ निघत होती. आमटीचा पहिला घास घेतला आणि तिनं मनातल्या मनात निकाल दिला की येसर कच्चं आहे, आपली आमटी हिच्यापेक्षा कितीतरी सरस. पण जिभेला चटका बसला होता आणि तो चटका तिला काही केल्या सोडवेना. आपल्या हातची आमटी आपण इतकी गरम कधी खाल्ली, ते तिला आठवत नव्हतं.

नागम्मा पातेलं घेऊन ओळीनं येत होती. तिच्यापुढं वाकली.

“अक्का, आमटी आनखी वाढू? पोटभर जेवा, घाई न्हाय.”

मथुराबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. लगेच त्याच डोळ्यांत आग आली, पण या वेळी ती नागम्मासाठी नव्हती. हे असं, दोन्ही वेळा, वाफाळलेलं, कुणीतरी वाकून विचारून वाढलेलं, त्या माणसानं उभा जन्म खाल्लं होतं. तिच्याच हातून. आणि तरी त्याला आणखी हवं होतं म्हणून तो इथं येत होता. सवतीचा मत्सर काहीच नव्हे, असा मत्सर तिला आपल्या नवऱ्याचा वाटला.

“वाढा,” ती म्हणाली.

दाढी करून तुळतुळीत झालेले ज्ञानोबा दारात आले ते याच वेळी. थाळ्या संपल्याचं त्यांना दारातच कुणीतरी सांगितलं. त्यांचा चेहरा पडला, मग नजर फिरली, मग बायको दिसली. पुढ्यात ताट, ताटात एक अख्खी चपाती, भाताला हात न लागलेला. ज्ञानोबांना हायसं वाटलं.

“तू हाय व्हय! लई बरं झालं,” ते म्हणाले. “ऊठ, मी बसतो.”

जन्मभराच्या सवयीनं मथुराबाईचा हात ताटाच्या कडेला गेलाही. शेजारची माणसं सरकून जागा करू लागली. नागम्मा पातेलं घेऊन उभीच होती. मथुराबाईनं ताट जरा आपल्याकडं ओढून घेतलं.

“बसा तिकडं भिंतीशी,” ती म्हणाली. “माझं होऊ द्या.”

ज्ञानोबांना आधी नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. ते तसेच उभे राहिले, मग भिंतीला टेकून खाली बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि बायको जेवताना बघू लागले. तिला जेवताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. ताटातला भात निम्मा झाला.

“आन् मी?” त्यांनी विचारलं.

हा प्रश्न मथुराबाईनं त्यांना कधीच विचारला नव्हता.

“बघू, काय उरतंय ते,” ती म्हणाली, आणि तिनं उरलेल्या भातावर आमटी ओतून घेतली.