तीन हाका

"आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. कितीही बारीक असला तरी," तिने काचेच्या खोलीत बसलेल्या निवृत्त शिक्षकांना सांगितलं.

"चुकून दाबलं गेलं तर मार्क कापता का?"

"नाही, सर. इथं कुणी नापास होत नाही."

श्रवणतपासणीच्या नोकरीत चौदा वर्षं ती हे वाक्य म्हणत आली होती. शिक्षकांचा उजवा कान तपासून झाला, डावा सुरू झाला, तेवढ्यात तिचा फोन थरथरला. शेजारच्या शिवणकाकू होत्या.

"अगं, लगेच निघ. तुझ्या सासूबाई बाथरूममध्ये पडल्यात. शिवणयंत्र थांबवलं तेव्हा मला भिंतीतून कण्हणं ऐकू आलं. तुमची बेल वाजवून वाजवून बोट दुखलं, तेव्हा कुठे पोरीने दार उघडलं."

"ती घरातच होती?"

"सोफ्यावर. कानाला ते डबडं लावून."

खुब्याचं हाड मोडलं होतं. सासूबाई निदान अर्धा तास ओल्या फरशीवर पडून होत्या. सोफ्यापासून बाथरूमचं दार दहा पावलांवर.

तेरा वर्षांच्या तिच्या मुलीला घरात सगळे वाघीण म्हणत. हे नाव बापाने दिलेलं, गेममधलं. त्याचं फलक छापायचं दुकान होतं. मोठं काम लावलं की यंत्र आपलं आपण तासभर चालायचं. मग तो तिकडून आणि ती घरून, दोघं एकाच टीममध्ये खेळायची. माणसं टिपायची, पडलेल्याच्या खिशातलं घ्यायचं, पुढे सरकायचं. "डोक्यात घातली बघ!" असं लेक ओरडली की बाप दुकानात टेबलावर थाप मारायचा. त्याने घरात एक नियमच करून ठेवला होता: राउंड अर्धवट सोडायचा नाही. टीमला दगा द्यायचा नाही. त्यापायी जेवणं निवत, दारातली माणसं ताटकळत. एकदा सासूबाईंच्या हातून पेला सुटला, तर वाघीण मान वर न करता म्हणाली, "आजी म्हणजे टीमवरचं ओझं. हिला आधी उडवायला पाहिजे." बाप पोट धरून हसला. सासूबाईही हसल्या, कारण सगळे हसत होते.

आईला ते खटकलं होतं. पण तिने वाचलं होतं की अशा खेळांनी मुलं हिंसक होतात की नाही, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. ते खरंही होतं. त्या 'एकमत नाही'वर ती दोन वर्षं उशीसारखं डोकं टेकून होती. दिवसभर आवाज मोजून घरी आल्यावर तिला शांतता हवी असायची. चांगल्यातले, आवाज बाहेर न सांडणारे हेडफोन तिनेच आणून दिले होते.

ऑपरेशन झालं. येईल त्याला बाप सांगू लागला, "हेडफोन होते ना. पोरीला ऐकूच गेलं नाही बिचारीला."

मग आईच्या मनात एक आशा उगवली. तिची तिलाच लाज वाटली, पण ती आशाच होती: मुलीचे कान बिघडले असतील तर?

तिसऱ्या दिवशी सकाळी, केंद्र उघडायच्या आधी, तिने मुलीला काचेच्या खोलीत बसवलं. नेहमीचं वाक्य या वेळी तोंडून निघालं नाही.

आवाज कमी करत नेला. मुलीने बटण दाबलं, आईसमोरचा दिवा लागला. आणखी कमी केला. दिवा लागला. पानांची सळसळही ज्याच्यापुढे मोठी वाटावी, अशा आवाजालाही मुलीचं बोट चुकलं नाही. तिने आवाजाची पट्टी बदलली, कान बदलला, सगळी तपासणी पुन्हा केली. इतके निर्दोष कान तिने वर्षभरात पाहिले नव्हते.

तिने माइक जवळ ओढला. "आजीने त्या दिवशी हाक मारली. ऐकू आली?"

काचेपलीकडे मुलीने मान खाली घातली. दिवा लागला.

"एकदाच?"

दिवा पुन्हा लागला. मग आणखी एकदा.

"तीनदा," आई म्हणाली.

"शेवटी सगळे लपून बसतात ना, तेव्हा गेममध्ये एकदम शांत असतं," मुलगी म्हणाली. "बाबांनाही ऐकू आलं. माझा माइक चालू होता. ते म्हणाले, आजी तशी ओरडतेच. दोनच उरलेत, संपव."

"मग?"

"संपवलं. जिंकलो आम्ही." ती म्हणाली, "मग बाबांनी लगेच दुसरा राउंड लावला. मी विसरून गेले, आई. खरंच विसरले."

ती रडत नव्हती. 'विसरले' हा शब्द तिने वही घरी राहिल्यासारखा उच्चारला. आईला भीती वाटली ती त्याचीच.

दुपारी दवाखान्याच्या जिन्यात नवऱ्याने तिला गाठलं. "ताई आलीय वर. रिपोर्टमध्ये जरा कमी ऐकू येतं असं दाखव ना. तुझ्याच तर हातात आहे."

"आईंची हाक तुलाही ऐकू आली होती."

तो कठड्याकडे बघत राहिला. "मला वाटलं, पाणीबिणी मागत असेल."

"मग पोरीला पाणी तरी द्यायला सांगायचं होतंस."

"लोक आपल्या पोरीला काय म्हणतील?"

"खरं म्हणतील. खोटा आलेख मी काढणार नाही."

खोलीत सासूबाई उताण्या पडल्या होत्या. नणंद पायाशी बसली होती, वाघीण खिडकीजवळ. नणंदेने विचारलं, "काय गं वहिनी, कान तपासलेस ना पोरीचे?"

तिने कागद पलंगावर ठेवला. "दोन्ही उत्तम आहेत, ताई. हिला ऐकू आलं होतं. फोनवरून तुमच्या भावालाही आलं होतं. आणि हे हेडफोन मी आणलेत. तिघांचं काम आहे हे."

नणंद भावाकडे बघत राहिली. बोलल्या त्या सासूबाई.

"मला माहीत होतं. तिसऱ्या हाकेला तिने 'थांब गं' म्हटलं. मग मी नाही मारली हाक. म्हटलं, खेळ मोडेल पोरीचा."

नवऱ्याच्या खिशात फोन वाजला. खेळायला बोलावणारा तो ओळखीचा आवाज. वाघिणीची मान आपोआप खिशाकडे वळली.

"पाणी," सासूबाई हळूच म्हणाल्या.

नणंद उठू लागली. आईने तिच्या खांद्यावर हात ठेवला. नवरा हलला, तर त्याला म्हणाली, "तू नाही." आणि काचेपलीकडे बघावं तशी ती मुलीकडे बघत राहिली. मनातल्या मनात मोजत.

पाच. सहा. मुलगी खिशाकडे बघत होती. आठ. मग आजीच्या सुकलेल्या ओठांकडे. अकराव्या सेकंदाला ती उठली. पेला भरताना थोडं पाणी सांडलं.

आईने नवऱ्याच्या खिशातून फोन काढून बंद केला. मग रिपोर्ट उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर तारीख घालून लिहिलं: अकरा सेकंद.

खाली बरीच जागा मोकळी होती. उद्या पुन्हा मोजायचं होतं.