खराट्याचा आवाज

"गोळी घेतलीस का?"

"घेतली गं. परत विचारशील तर तुलाच चारीन," आई म्हणाली आणि खराटा उचलून समोरच्या विहाराच्या अंगणात गेली.

मी तांदूळ निवडायला बसले. कान बाहेर. खर्र, खर्र.

एक्क्याऐंशी साली नाशिकरोडच्या बाजारात तिला चक्कर आली आणि ती भाजीच्या पाटीवर कोसळली. रक्तदाबाच्या गोळ्या कायमच्या मागे लागल्या. भीती त्यांच्याहून वाईट. वर्षभर आई खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून असे. "उठले की जमीन फिरती," म्हणायची, मधेच रडायची. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या सोडू नका, पण हिंडूफिरू द्या. बसून राहिल्या तर मनानं खचतील." माझं तिनं ऐकलं नाही. बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी मात्र विहारापुढचा पाचोळा बघून स्वतःच उठली. "पौर्णिमेला असं अंगण? आमच्या सायखेड्यात लोक थुकले असते!"

त्यानंतर रोज सकाळी खराटा. ती जेवू लागली, टोमणे मारू लागली. ती सावरली आणि तिची भीती माझ्याकडे राहायला आली.

आवाज थांबला.

ताट टाकून मी धावले. आई खराट्यावर हनुवटी टेकवून शेजारच्या कलामावशींशी बोलत होती.

"घाबरली का गं?" आईनं विचारलं.

"मी कशाला घाबरू? चहा ठेवू का, विचारायला आले."

"अनवाणी? बघ गं शकू," कलामावशी आईकडे बघून हसल्या.

"तिला चहाची लय घाई असती," आई म्हणाली आणि पुन्हा झाडू लागली.

दुसऱ्या दिवशी नोटांच्या प्रेसचा सकाळचा भोंगा झाला तरी अंगण गप्प होतं. आवाज थांबण्याची धास्ती मी रोज घेतली होती. तो सुरूच होणार नाही, हे कधी मनात आलं नव्हतं. आई कुशीवर झोपलेली होती. हात गार.

आईच्या जलदान विधीच्या सकाळी मी आतल्या खोलीत बसले होते. बाहेर खर्र, खर्र सुरू झालं. मला हलता येईना. मग ते थांबलं आणि मी धावले.

कलामावशी खराट्यावर टेकून दम घेत होत्या. "माणसं यायची आता. म्हटलं, शकूचं अंगण..." त्यांची नजर माझ्या अनवाणी पायांवर गेली. "घाबरलीस का गं?"

मी त्यांच्या हातून खराटा घेतला. आईनं धरून धरून मूठ गुळगुळीत झाली होती.

"हो," मी म्हणाले. "लय घाबरायचे गं, आई. रोज."