मिसुझुचे श्वास

यासुताका कुझेचं आईवडिलांनी ठेवलेलं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. संगणकातल्या आवाजाकडून गाणी गाऊन घेणाऱ्यांचं बारसं ऐकणारेच करतात. मनाला येईल ते नाव द्यायचं आणि पुढे प्रोड्यूसरचा ‘पी’ चिकटवायचा, अशी त्या लोकांतली रीत. यासुताकाचं नाव पडलं इकी-पी. इकी म्हणजे श्वास. ‘पुलावरची सायकल’ या त्याच्या गाण्यात ती संगणकातली मुलगी, म्हणजे तो यंत्राचा आवाज, ओळ उचलण्याआधी असा काही श्वास घ्यायची, की अंगावर काटा यायचा. “यंत्राला फुप्फुसं फुटली,” असं कुणीतरी लिहिलं आणि नाव झालं. गाणं कॅराओकेच्या खोल्यांत पोचलं, शाळांच्या बँडांनी वाजवलं, कोपऱ्यावरच्या दुकानात भाताचे गोळे घ्यायला जावं तर तिथंही तेच.

श्वास मिसुझु मियाशिताचे होते, हे मात्र त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणं म्हणतात ते हेच.

त्या दुपारी मिसुझुची आई त्याच्या शहरातल्या, कोएन्जी भागातल्या खोलीत बसली होती. पोरगी वारून दोन वर्षं झाली होती. मियाशिता काकू नागानोहून बसनं आल्या होत्या, आणि रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून घरच्या पाल्याच्या लोणच्याचा डबा घेऊन आल्या होत्या. सातूचा गार चहा पुढ्यात तसाच ठेवून त्यांनी खोलीवर नजर फिरवली.

“एवढ्याशा जागेत होतं होय गाणं? आणि पडदे कधी धुतलेस? मिसुझु काही बोलायची नाही का तुला?”

“बोलायची, काकू. रोज बोलायची.”

“मग बरोबर. माझीच ती.” काकू हसल्या आणि मग डबा उगीच इकडचा तिकडे सरकवला. “तिच्या बापाला गाणं खपायचं नाही. घरात कधी तोंड उघडलं नाही पोरीनं, आणि शेवटी त्याच पायी घर सोडलं. फोनमध्ये आहे ती. बोलतेय, हसतेय, कांदा चिरताना शिव्या घालतेय. गात नाही कुठंच. तिची मैत्रीण म्हणाली, तुझ्याकडे गायची. एक गाणं ऐकव रे मला. पोटची पोर गात कशी होती, ते मला माहीत नाही.”

“बघतो,” असं म्हणून यासुताका संगणकाकडे वळला. बघण्यासारखं काही नव्हतं, आणि ते त्याला पक्कं माहीत होतं.

यंत्राच्या गळ्यात सूर नुसते मांडले तर तो आवाज पाढे म्हटल्यासारखा गातो. म्हणून नवं गाणं झालं की यासुताका ते आधी मिसुझुकडून गाऊन घ्यायचा. ती कुठे घसरते, कुठे मुद्दाम उशिरा पोचते, ते ऐकून एकेक सूर तसा वळवायचा. यंत्राला श्वास नसतो, तेवढे तिचे कापून ठेवायचा. बाकी सगळं पुसून टाकायचा. घर उभं राहिलं की परांची कोण ठेवतं? गरज सरो, वैद्य मरो.

“पुढचं गाणं तुझ्या आवाजात करू,” असं तो दर वेळी सांगायचा. “तुझं पुढचं काही उजाडत नाही बघ,” असं म्हणून ती पाणी पिऊन पुन्हा गायला उभी राहायची. उजाडलं नाही, कारण त्याला ते उजाडायला नको होतं. यंत्र दमत नव्हतं, उलट बोलत नव्हतं, आणि इकी-पीची जादू म्हणजे कपडे धुण्याच्या दुकानात कामाला असलेली एक मुलगी, हे लोकांना कळायची त्याला भीती वाटायची. त्या भीतीची आता त्याला किळस येत होती.

त्यानं ‘पुलावरची सायकल’ उघडलं. मिसुझुची सगळी वळणं त्यात होतीच. वाद्यं काढायची, गळ्यात जरा खरखर मिसळायची, आणि हीच तुमची लेक म्हणून पुढे करायचं. म्हातारीला काय कळणार होतं? त्यानं वाद्यं काढलीसुद्धा.

“सापडलं का रे?” काकूंनी विचारलं. त्यांनी डोक्याची टोपी काढून केस नीट केले होते, देवळात जाताना करतात तसे.

यासुताकाचा हात खाली आला. “काकू, गाणं नाहीये. मी पुसलं.”

“चुकून?”

“नाही. दर वेळी पुसायचो.”

काकूंनी टोपी मांडीवर ठेवली. “सगळं?”

“श्वास ठेवलेत. फक्त श्वास.”

“मग ते लाव.”

त्यानं पहिला लावला. क्षणभराचा तो आवाज खोलीत आला आणि संपला. काकूंचा हात डब्यावरच थांबला.

“हीच. माझ्याशी भांडायच्या आधी अस्साच घ्यायची. आणि मग तासभर थांबायची नाही बया.” त्या हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या. “लाव पुढचा.”

त्यानं पुढचा लावला, मग त्याच्या पुढचा. प्रत्येक श्वासाला काकू पुढे झुकायच्या, बोट वर करायच्या, जणू आता गाणं सुरू होणार आणि कुणी मध्ये बोलू नये. श्वास संपायचा. बोट हळूहळू खाली यायचं.

एक श्वास चांगलाच लांब होता. तो संपल्यावर काकूंनी विचारलं, “एवढा भरून घेतलाय पोरीनं. ह्याच्यापुढे काय गायली रे? नुसतं गुणगुणून दाखव. तिनं म्हटलं होतं तसं.”

ती ओळ त्याचीच होती. त्यानं डोळे मिटले. शब्द आठवले, चाल आठवली, पाण्याचा पेला हातात धरून उभी असलेली मिसुझु आठवली, तिचे ओठ हलताना दिसले. पण कानात आवाज येत होता तो त्या संगणकातल्या मुलीचा. पुन्हा पुन्हा तिचाच.

“म्हण ना,” काकू म्हणाल्या.