तीन झाकलेल्या वाट्या

खुर्च्यांना नवं कापड चढवणं हा माझा धंदा. शहरातल्या एका नावाजलेल्या शाकाहारी हॉटेलातल्या बेचाळीस खुर्च्या मी महिनाभर खपून नव्या केल्या. शेवटची खुर्ची पोचवली तेव्हा मालकीणबाई तिच्यावर बसून पाहत म्हणाल्या, "रविवारी दुपारी आईवडिलांना घेऊन या. आमच्याकडून जेवण."

घरी सांगितल्यावर बाबा म्हणाले, "शाकाहारीच ना? मग त्यात एवढं काय करत असतील?" पण लगेच इस्त्रीचा शर्ट शोधायला उठले. आई मात्र म्हणाली, "तुम्ही दोघं जा. माझं पोट बरं नाही."

मी ऐकलं नाही. मला तिला तिथे न्यायचंच होतं. तिथे छान जेवताना, तिचा मूड बघून, एक गोष्ट सांगायची होती.

आई एका हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये सव्वीस वर्षं स्वयंपाक करत होती. तिचं नाक म्हणजे आमच्या घरातला दंतकथेचा विषय. जिना चढता चढता कोणाच्या घरी काय शिजतंय हे ती सांगायची, आणि कोणाची भाजी आता लागणार आहे हेसुद्धा. बाबा म्हणायचे, "हिच्या नाकाला वेगळा पगार द्यायला हवा."

पण गेलं दीड वर्ष काहीतरी बिनसलं होतं. दूध करपून कोळसा व्हायचं आणि ही शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत असायची. एकदा नासलेलं दही तिने आम्हाला वाढलं. आणि तीन आठवड्यांपूर्वी बाबा बाहेरून आले, तर घरभर गॅस कोंडलेला. आई ओट्याशी उभी, हातात लायटर. "आलात? चहा टाकते," म्हणाली. बाबांनी झडप घालून लायटर हिसकावला नसता तर हे सांगायला आज कोणी उरलं नसतं.

त्या दिवशी आम्ही तिला नाही नाही ते बोललो. "लक्ष कुठे असतं तुझं?" हे बाबांनी दहा वेळा विचारलं. ती नुसती एकेक खिडकी उघडत राहिली. तिची आई शेवटी स्वतःच्या लेकीला ओळखेनाशी झाली होती, ते मला आठवलं. मी परगावच्या भावाला फोन केला, आणि स्मरणशक्तीच्या डॉक्टरांची मंगळवारची वेळ घेऊन टाकली. तेच आईला सांगायचं होतं.

हॉटेलात पांढरे टेबलक्लॉथ, उंच खिडक्या, आणि आवाज न करता चालणारे वेटर. माझ्या खुर्च्यांवर लोक ऐसपैस बसलेले पाहून मला बरं वाटलं. पहिली डिश आली. परातीएवढी बशी आणि मधोमध बोराएवढा एक गोळा. बाबांनी तो चष्म्यातून न्याहाळला. आयुष्यभर त्यांनी कापडदुकानात विक्री केलेली. ते वेटरला म्हणाले, "नमुना पसंत आहे. माल कधी येणार?"

वेटर पोक्त होता, मनापासून हसला. आईसुद्धा हसली. मला वाटलं, हीच वेळ आहे, आता सांगावं. तेवढ्यात वेटरने तीन झाकलेल्या वाट्या आणून ठेवल्या.

"मुख्य जेवणाआधी आमच्याकडे एक खेळ असतो," तो म्हणाला. "डोळे मिटायचे. मी झाकण काढतो. वासावरून ओळखायचं."

"मग हिलाच विचारा," बाबा खुशीत म्हणाले. "पण सांगून ठेवतो, सव्वीस वर्षं कॅन्टीन चालवलंय हिने. तुम्ही हराल."

"नको," आई म्हणाली. "मुलीला विचारा."

"अगं लाजतेस काय! मीट डोळे."

आईने डोळे मिटले. मांडीवरचा नॅपकिन तिने मुठीत धरला होता. वेटरने पहिलं झाकण उचललं आणि हिंगाचा असा भपकारा आला की मी समोर बसूनही मागे सरकले.

आईने खोल श्वास घेतला. मग आणखी एकदा घेतला.

"वेलची," ती म्हणाली.

बाबा खो खो हसले. "चेष्टा करतेय बरं का तुमची!" वेटरही हसला आणि त्याने दुसरी वाटी पुढे केली. तुपात खरपूस तळलेला लसूण. शेजारच्या टेबलावरची माणसंही वळून बघायला लागली.

"दालचिनी," आई म्हणाली. आवाज अगदी बारीक.

बाबांचं हसू अर्ध्यावर थांबलं. वेटरने माझ्याकडे पाहिलं. काय करावं ते त्याला कळेना, सवयीने त्याने तिसरं झाकण उचललं. वाटी रिकामी होती, स्वच्छ पुसलेली. तीच त्या खेळातली गंमत होती. इथे सगळे फसतात आणि हसतात.

आईने वाटीवर नाक नेलं. "हा गुलाब," ती घाईघाईने म्हणाली. "हो, गुलाबच."

तिने डोळे उघडले आणि तिला वाटीचा तळ दिसला.

वेटरने तिन्ही वाट्या गोळा केल्या आणि मान खाली घालून तो निघून गेला.

"आई?" मी म्हणाले.

"मला वास येत नाही."

"सर्दी झालीय का तुला?" बाबांनी विचारलं.

"दीड वर्ष झालं."

तिने पाण्याचा एक घोट घेतला आणि सगळं सांगितलं, जसं कॅन्टीनमध्ये उद्याचा शिधा हिशेबाने सांगते तसं, सलग. कॅन्टीनच्या कोठीघरात ओल्या फरशीवर पाय घसरला होता. आम्हाला फक्त मुरगळलेला हात माहीत होता. डोक्याची मागची बाजू आपटली ते तिने सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला वास नव्हता. मग कशालाच नव्हता.

"म्हणजे त्या दिवशी तो गॅस..." मी विचारलं.

"काही कळलं नाही मला. यांनी लायटर ओढला, तेव्हा कळलं."

बाबांनी हातातला ग्लास टेबलावर ठेवला.

"आणि कॅन्टीन? दोनशे माणसांचा स्वयंपाक?" त्यांनी विचारलं.

"कांद्याचा रंग बघते. मोहरीचा आवाज ऐकते. खारट, आंबट, तिखट जिभेला कळतं. बाकी हाताला पाठ आहे." मग ती किंचित हसली. "पेशंट कुठे तक्रार करतात? त्यांना वाटतं, आजारपणामुळे चव गेलीय."

मला हसायला आलं नाही. "अगं पण सांगायचं ना! मी तुला विसरभोळी ठरवून..."

"मंगळवारी अकरा वाजता," आई म्हणाली. "ऐकलं मी तुझं फोनवरचं. कान शाबूत आहेत माझे."

"आणि तू येणार होतीस?"

"येणार होते. विसरभोळ्या बाईला चार शब्द बोलतात, पण सांभाळून घेतात. वास न येणाऱ्या स्वयंपाकिणीला कोण ठेवतं? आणि स्वयंपाक सोडला तर मी कोण उरते गं?"

तेवढ्यात मुख्य जेवण आलं. वाफाळत्या वाट्या, सोनेरी रस्से, पातळ पापुद्र्याच्या रोट्या. आई एकटी जेवली, नीट, पान स्वच्छ करून. आम्हा दोघांची पानं तशीच होती.

"जेवा," ती म्हणाली. "जेवणाचं मला तेवढं वाईट वाटत नाही. माणसांचं वाटतं." तिने बाबांकडे पाहिलं. "तुमच्या शर्टाचा वास, हिच्या केसांचा. रात्री तुम्ही शेजारी असता, तरी डोळे मिटले की खोलीत कोणी नाही असं वाटतं. मग हात लावून बघते."

"मला वाटायचं, झोपेत लागतो हात," बाबा म्हणाले.

मंगळवारी आम्ही गेलो, पण कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे. वासाची नस दुखावलीय, इतक्या उशिरा परत येण्याची आशा कमी, असं त्यांनी सरळ सांगितलं. वेळेवर आला असतात तर, हे वाक्य त्यांनी अर्धंच सोडलं. भावालाही फोन करून खरं काय ते कळवलं.

कॅन्टीनच्या साहेबांना आईने स्वतःच जाऊन सांगितलं. त्यांचाही विश्वास बसेना. आता शेगड्यांवर दुसरी बाई असते. आई भाजी निवडून घेते, प्रमाणं सांगते, आवाज ऐकून आच कमी करायला लावते. पूर्वीची शान नाही.

घरी मात्र ती स्वतःच रांधते आणि बाबा बाजूला उभे राहतात. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पण स्वयंपाकघरात इतका वेळ ते कधी उभे राहिले नव्हते.

"कसा वास येतोय?" काल आईने विचारलं. कढईत रवा होता.

"चांगला येतोय."

"चांगला म्हणजे काय? नीट सांगा."

बाबांनी डोळे मिटले, कढईवर वाकले, कपाळाला आठ्या घालून विचार करत राहिले. "ओल्या लाकडाला ऊन लागलं की येतो ना, तसा," ते शेवटी म्हणाले. "थोडा गोडसर."

"मग झालाच की," आई म्हणाली. "बंद करा गॅस, लवकर."