बसून दाखवा

फर्निचरच्या एका मोठ्या दुकानात ती विक्रेती होती. दिवसभर गिऱ्हाइकांना सोफ्यांवर बसवायचं आणि आपण उभं राहायचं. बायकांनी मालाला नुसतं टेकायचंही नाही, असा मालकांचा दंडक होता. पुरुष मात्र गोदामात खुशाल खोक्यांवर बूड टेकत.

काचेपाशी निळी मखमली खुर्ची होती. तिच्यावर तिचा जीव जडला होता. बंगल्यांतल्या बायका यायच्या, ऐसपैस बसायच्या, फोनवर बोलायच्या आणि रंगाला नाकं मुरडून निघून जायच्या. मागे राहिलेल्या बोटांच्या खुणा ती पुसायची.

एकदा जेवताना तिनं खुर्चीचा विषय काढला. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. माणूस मायाळू, पण त्यानं ते हसण्यावारी नेलं. दोन खोल्यांत खुर्ची आली तर माणसांनी जिन्यात राहायचं का, असं म्हणाला. सासूबाईंनी री ओढली. ती ताटं उचलायला लागली.

पुढे अबोलाच धरला तिनं. त्या भरात डबा घरी विसरली, म्हणून नवरा तो द्यायला दुकानापर्यंत आला. काचेतून त्याला ती दिसली. चपलेतून एक पाय काढून दुसऱ्यावर ठेवायची, मग दुसरा काढायची. तो डबा वॉचमनकडे देऊन परतला. हे सगळं त्यानं तिला मागाहून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात शिरला तो लग्नातला कोट घालून. त्यानं ओळख दाखवली नाही. थेट मालकांकडे गेला.

"ही खुर्ची बायकोसाठी बघतोय. अंगानं ती या बाईंएवढीच आहे. यांना जरा बसून दाखवायला सांगता?"

मालक घुटमळले. पण समोर कोटातलं गिऱ्हाईक होतं. "बसा," ते म्हणाले.

ती बसली.

"घाई नाही. नीट टेका पाठ," असं सांगून तो मालकांना कपाटांकडे घेऊन गेला आणि एकेका कडीची चौकशी करत बसला. तिला हसू आवरेना, डोळेही भरून आले. पाय मात्र अधांतरी लोंबत होते. खुर्ची लांब पायांच्या माणसाच्या मापाची होती.

तो परतल्यावर तिनं खरं ते सांगितलं, "पाय टेकत नाहीत."

"मग आमच्या हिचेही टेकायचे नाहीत," म्हणत तो निघून गेला.

गिऱ्हाईक घालवलं म्हणून मालक करवादले. ती पहिल्यांदाच उलटून बोलली, की बसल्याशिवाय कळलं कसं असतं? पुढे दुकान रिकामं असताना ती आणि तिच्या सोबतीची बाई टेकल्या, की ते नजर दुसरीकडे वळवू लागले.

त्या दिवशी संध्याकाळी तो चहा करत होता.

"तू उभी असतेस हे माहीत होतं गं," तो म्हणाला. "बघितलं नव्हतं कधी."

"खुर्चीच हवी असं नव्हतं रे. पलंग आईंचा, कपाट तुझं. 'ही माझी जागा' म्हणावं असं मला काय आहे या घरात?"

पलंगावर सासूबाई डोळे मिटून पडल्या होत्या. त्या भिंतीकडे सरकल्या.

"ये इकडे. पलंग काय मी वर घेऊन जाणार आहे?"

ती कडेला टेकली. सासूबाईंनी तिचे पाय वर ओढून घेतले आणि आपलं पांघरूण त्यांवर घातलं.