सान इसिद्रो, मुक्काम शेंद्रा

मी स्पेनमधल्या एका भट्टीत भाजलेली टाइल बोलतेय. तळहाताएवढ्या माझ्या अंगावर निळ्या रंगात दोनच शब्द आहेत: सान इसिद्रो.

इसिद्रो शेतमजूर होता. तिकडचे शेतकरी त्याला आपला मानतात. 'सान' ही संतांच्या नावाआधी लागणारी पदवी. मूळ शब्द सान्तो. पुरुषाच्या नावाआधी बहुधा त्याचं सान होतं, बाईच्या नावाआधी सान्ता. या साऱ्यांचा पूर्वज लॅटिनमधला सांक्तुस. त्याचा अर्थ पवित्र. पण त्या अर्थाच्या तळाशी आणखी एक अर्थ आहे: वेगळं काढून ठेवलेलं, कुणी धक्का लावू नये असं.

शेंद्रा गावची दीपमाला तिकडं शिकली आणि मला घेऊन घरी परतली. तोवर तिचे आजोबा पुंजाराम वारले होते. बोअर आटले तेव्हा त्यांनी स्वतःची विहीर साऱ्या गल्लीला मोकळी केली होती.

दीपमाला भारावलेली होती. संत आणि सान्तो यांची मुळं वेगळी, हे ती घरात सांगायची. पण पूर्वी तिकडं लोकच ही पदवी देत, चौकशी आणि शिक्कामोर्तब फार नंतर आलं, हे सांगताना तिचा आवाज चढायचा. मग आपण आजोबांना का देऊ नये? तिच्या वडिलांना, बद्रीनाथना, ते पटलं. विहिरीच्या कठड्यावर 'संत पुंजाराम' असा दगड बसला, त्याखाली मी. हार आले. भोवती लोखंडी जाळी बसवायला माणूस माप घेऊ लागला.

शेजारची अख्तरी हंडा घेऊन आली. चपला लांब काढल्या आणि तिथंच थबकली.

पुंजारामांच्या पत्नी लक्ष्मीबाई ओट्यावरून बघत होत्या. "चपला कामून काढल्या गं?"

"आता हे देवस्थान झालं ना मावशी. पाणी घेऊ का नको, कळंना."

लक्ष्मीबाई उठल्या. "तुझ्या सासूला त्यांनी सोता शेंदून दिलं, अन् तू इचारती व्हय?" मग लेकाकडं वळल्या. "जाळीतून बादली कशी सोडायची रं? का तुझ्या बापानं वरून वतायचं?"

बद्रीनाथनी जाळीचं माप घेणाऱ्याला परत पाठवलं. दीपमालाचे डोळे भरले. तिनंच पाथरवटाला दगडावरचा पहिला शब्द घासून काढायला सांगितलं.

मी मात्र कठड्यातच राहिले. बायका माझ्यावर ओल्या बादल्या टेकवतात. निळी अक्षरं विरत चालली आहेत. त्याचं दुःख नाही. माझ्यावरची पदवी कुणाच्या नावाआधी लावावीशी वाटली, तर जरूर लावा. फक्त ती लावल्यावर कोण मागं सरकलं, तेवढं बघा.